एकही दार न सोडणारे उत्तमभाऊ

उत्तमभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत होते, लसीकरणाचा दिवस होता. मी आशा कार्यकर्ती, रिसोडजवळच्या गावांत बरीच वर्षं हेच काम करते. फोन करणाऱ्या बाईही आमच्याच कामातल्या, तरी आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्याच बिमारीनं गेले म्हणते." भाऊ गेले ते हृदयविकाराने. एचआयव्ही घेऊन, रोजची गोळी न चुकवता, ते चांगली पंधरा-सोळा वर्षं जगले होते. मी तसं सांगितलं आणि पुढच्या बाळाचं कार्ड शोधू लागले. इतकी वर्षं समजावून आपल्याच माणसांना एवढंच समजलं असेल, तर... जाऊ द्या. दीड महिना झाला, भांडायचंही त्राण नाही.

भाऊ आधी रिसोड-केनवड जीप चालवायचे. आजाराची बातमी फुटली आणि ज्या जीपच्या टपावरही माणसं बसत, तिच्यात त्यांच्या शेजारची सीट रिकामी जाऊ लागली. मग ते एका संस्थेच्या गल्लीबैठका घेऊ लागले, आणि मी त्यांच्यासोबत. सतरंजी टाकायची, माणसं जमली की पहिलं वाक्य ठरलेलं. "मले एचआयव्ही हाय, अन मी तुमच्यासमोर चांगला बसून राह्यलो." सगळ्यांना स्टीलच्या कपात चहा यायचा, त्यांना कागदी. ते कप परत करायचे. "वहिनी, मलेबी स्टीलचाच द्या, कागदाचा वास येते." आजारापर्यंत लोक ऐकून घेत. पुढे ते म्हणत, "जे पोरगं पोरावरच जीव लावते, तेबी आपलंच पोरगं हाय," आणि अर्धी सतरंजी रिकामी व्हायची. म्हणून त्यांनी चहाच या वाक्यानंतर ठेवला. चहासाठी का होईना, पण लोक बसत.

आमच्या हातून एक मोठी चूक झाली. एका गावात (नाव लिहीत नाही, तीच चूक पुन्हा कशाला) एका तरुणाच्या गोळ्या चुकत होत्या, म्हणून आम्ही दर आठवड्याला त्याच्या घरी जायचो. दार लावून, हळू आवाजात बोलायचो. बाहेर मात्र भाऊंची लाल गाडी उभी, जिला सारा तालुका ओळखायचा. महिनाभरात गिरणीवाला त्या घरचं दळण घेईना आणि बहिणीची जुळलेली सोयरीक मोडली. भाऊ माफी मागायला गेले तर दार उघडलं नाही. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, गल्लीत शिरलं की पहिल्यापासून शेवटच्या घरापर्यंत प्रत्येक दारी थांबायचं, मग ते पाटलांचं असो की शेठजींचं. "ज्याले गरज नाही त्याच्या घरी जास्त येळ बसाचं, ताई." एका गल्लीला तीन-तीन दुपारी जायच्या. माझे पाय दुखायचे, मी कुरकुरायचे.

एक दार मात्र मी सोडायला लावलं. ते माझं होतं. माझा धाकटा भाऊ सुनील माझ्याकडेच राहतो. हे त्याला विचारूनच लिहिते आहे. त्याने एकदा मला सांगितलं होतं की त्याला लग्न करायचं नाही, त्याचा जीव एका मित्रावर आहे. गल्लोगल्ली "आपलंच पोरगं" ऐकवत फिरणारी मी त्याला म्हणाले, "हे पुन्हा तोंडातून काढू नको." त्याने काढलं नाही. घरात टीव्ही तेवढा बोलायचा. उत्तमभाऊ अधूनमधून विचारत, "ताई, तुमची गल्ली कधी घ्याची?" मी म्हणायचे, सोयाबीन निघू द्या, मग म्हणायचे, दिवाळी होऊ द्या. त्यांनी कारण कधी विचारलं नाही. मला वाटायचं, त्यांच्या लक्षात येत नाही. आज त्याची लाज वाटते.

तेरवीहून परतताना एसटीत सुनील माझ्या शेजारी बसून रडत होता. मी चकित झाले. "तू कायले रडून राह्यला? तुयी तर त्यायची ओळखबी नव्हती."

"येत होते ना ते घरी. तू ड्युटीवर असली का, गाडी दूर लावून पायीच येत. दोन वर्षं झाले."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तेच म्हणत, तिले नको सांगू. लोकायले समजावता समजावता ताई थकते, घरी तरी तिले हारल्यासारखं नको वाटाले."

 मी विचारलं, काय बोलत होतात तुम्ही?

"काही नाही. जेवला का, विचारत. अन त्याचा फोन आलता का, विचारत."

एका घरात राहून, रोज त्याला ताट वाढून, मी हे कधी विचारलं नव्हतं. गाडी केनवडला थांबली, माणसं उतरली, चढली. मी धीर करून म्हटलं, "आलता का त्याचा फोन?"

सुनीलने डोळे पुसले.

"आता नाही येत, ताई. वरीस झालं."