मागच्या चाकावरची केबिन नको

"एवढं बघा, मागच्या चाकावरची देऊ नका. आमच्या आईला गचके सोसत नाहीत."

हे वाक्य मी कुडाळच्या एका प्रवास-कचेरीत, पंख्याखाली बसून, अगदी शुद्ध मराठीत उच्चारलं. समोरच्या मुलीने हातातलं पेन खाली ठेवलं. ती नोकरीला नवीन असावी, कारण गिऱ्हाइकासमोर हसू दाबायची सवय तिला अजून झाली नव्हती.

"काका," ती म्हणाली, "आपण जहाजाचं बुकिंग करतोय. जहाजाला चाकं नसतात."

शेजारच्या खुर्चीवर पुण्याच्या गाडीची चौकशी करायला आलेले एक गृहस्थ माझ्याकडे वळून बघू लागले. वास्तविक मी आचऱ्याचा. घर किनाऱ्यावर. वडील जन्मभर होडीवर होते आणि थोरला भाऊ आजही स्वतःच्या होडीचा तांडेल, म्हणजे समुद्रात ज्याचा शब्द शेवटचा तो माणूस. अशा घरातल्या माणसाला जहाजाला चाकं नसतात हे कळण्यासाठी कुडाळला यावं लागलं, जिथून समुद्र दिसतसुद्धा नाही.

याला कारण आहे. मला बोट लागते. लहानपणी वडिलांनी हौसेने एकदा होडीत घेतलं होतं. परत येईपर्यंत मी होडीच्या काठाला धरून ओणवा होतो. वाळूवर पाय टेकताच वडील आईला म्हणाले, "ह्येका शाळेत घाल." त्या एका वाक्यावर माझं शिक्षण झालं, पंचायत समितीत कारकुनी मिळाली, खुर्चीत बसून बसून पोट सुटलं, आणि माझं सगळं प्रवासविषयक ज्ञान एस. टी. महामंडळाच्या चरणी गोळा झालं. मागच्या चाकावरची सीट वाईट, एवढं मला छातीठोक सांगता येतं. ते मी सांगितलं.

मग असल्या माणसाने जहाजावर जायचं मनात का आणलं? तर बायकोसाठी.

बायको आतल्या बाजूच्या कट्टा गावची. तिच्या माहेरी भात आहे, काजू आहेत, आंब्याची कलमं आहेत, समुद्र नाही. आमचं लग्न जमवणाऱ्याने माझ्याबद्दल फारसं बोलण्यासारखं नसल्यामुळे घराबद्दल सांगितलं होतं: घर समुद्राकाठी आहे. ती त्यावर आली. स्वयंपाकघराला पश्चिमेची खिडकीही होती. पण खिडकीसमोर वडिलांची जुनी होडी ओंडक्यांवर चढवून ठेवलेली होती, ती अजून तिथेच आहे. वडील गेले, होडी पाण्यात घालण्याजोगी राहिली नाही, पण तिला हलवा म्हणायची कोणाची छाती नाही. नारळी पौर्णिमेला आई तिच्यापुढे नारळ ठेवून हात जोडते, पावसापूर्वी भाऊ तिच्यावर माडाच्या झावळ्यांचे नवे झाप घालतो. लग्नापासून माझी बायको भात शिजत असताना त्या खिडकीतून होडीचं पोट बघते. त्याच्यावर बोटभर आकाश असतं.

किनाऱ्यावर ती जाते, नाही असं नाही. पण तिथं नुसत्या उभ्या राहून समुद्राकडे बघणाऱ्या सुनेला आमच्याकडे दोन्ही बाजूंनी विचारतात, "काय हरवलां काय गो?"

तर माझी नोकरीतली प्रवास-सवलत त्या वर्षी पहिल्यांदा वापरायची ठरली, तेव्हा मी तिला विचारलं, खंय जावया? मला वाटलं, तिरुपती म्हणेल, फार तर महाबळेश्वर.

"माका समुद्र बघूचो आसा," ती म्हणाली.

"तो दारात आसा मां?"

"दारात आसा. खिडकीत नाय. माका खिडकीत बसान, हातात चाय घेवन बघूचो आसा. आणि कोणी हाक मारूची नाय."

एवढंच तिचं मागणं. त्याच सुमारास गोव्याहून लक्षद्वीपच्या बाजूला जाऊन परत आणणाऱ्या जहाजाची जाहिरात पेपरात आली होती. मी होय म्हणालो. हे घरात कळलं. आई म्हणाली, मी येईन, पण थोरल्याशिवाय नाही. थोरला म्हणाला, मी येईन, पण हिला घरात एकटी कशी ठेवू? वहिनीने बॅग काढली. अशा रीतीने बायकोच्या एका खिडकीचं आमच्या घराण्याच्या शिष्टमंडळात रूपांतर झालं आणि त्याचा सचिव म्हणून मी कुडाळला जाऊन चाकांविषयी बोललो.

त्या मुलीने जहाजाचा नकाशा टेबलावर पसरला. एकावर एक मजले आणि प्रत्येक मजल्यावर मधाच्या पोळ्यासारखी घरं. काही केबिनना खिडकीच नव्हती. त्यात माणसं का जातात, असं मी विचारणार होतो, पण चाकांनंतर मी एक निश्चय केला होता की यापुढे काही विचारायचं नाही. काहींना स्वतंत्र गच्ची होती. तिचा भाव ऐकून मी नकाशाच्या त्या भागावर कोपर ठेवलं. उरल्या खिडकीवाल्या दोन. एक वरच्या मजल्यावर, दोघांची. दुसरी खाली, जहाजाच्या बरोब्बर मध्यावर, तिघांची.

"खालच्या केबिनमधून थोडं कमी दिसतं," मुलगी म्हणाली. "म्हणून ती स्वस्त आहे."

"आमची आई तशीही कमीच बघते," मी म्हणालो आणि स्वतःवर खूश झालो.

नकाशात खालच्या केबिनच्या खिडकीबाहेर एक लांबट गोल आकार काढलेला होता. मी तो नीट बघितला. दोन्ही टोकांना निमुळता. मनाशी म्हटलं, बाकडं असेल, बसून समुद्र बघण्यासाठी. विचारलं नाही. निश्चय तो निश्चय.

घरी येऊन मी वाटणी सांगितली. खाली मध्यावर होडी कमी हलते, हे तर दादाच लहानपणापासून सांगत आलेला. तिथं आई, दादा आणि वहिनी. वर आम्ही दोघं. वाटणी मला निर्दोष वाटत होती. आईची एकच अट होती, रात्री उठले तर कोणाला ओलांडून जावं लागू नये. तीही पुरी होत होती.

वहिनी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. सुपाकडे बघतच म्हणाली, "थोरलो खाली आणि धाकटो वर?"

आमच्या गावच्या देवळात जत्रेचा पहिला नारळ आमच्या घराण्यात थोरल्याच्या हातात पडतो. तो चुकून धाकट्याच्या हातात गेला तर पुढल्या जत्रेपर्यंत गाव त्याच विषयावर जगेल. तेच शास्त्र आता जहाजाला लागू झालं.

"माका काय," दादा आढ्याकडे बघत म्हणाला, "माका खंयय टाका. माझा सगळा जन्म समुद्रात गेलो. पण लोक इचारतले."

लोक म्हणजे कोण, लक्षद्वीपच्या वाटेवर ते कुठून येणार, हे मी विचारू शकलो असतो. मी आईकडे बघितलं. आईने पानाला चुना लावला. मी म्हटलं, "तसां कर दादा, तुमी दोघां वर जावा."

मग स्वयंपाकघरात गेलो. बायको तांदूळ धूत होती. तिने सगळं ऐकलेलं होतं. मधली भिंत मांगराची, म्हणजे शेतातल्या खोपटाची, आहे की घराची असा प्रश्न पडावा इतकी पातळ आहे.

"खालच्याक खिडकी आसा मां?" तिने विचारलं.

"आसा. शिवाय भायर बाकडां पण आसा. बसूक."

तिने माझ्याकडे बघितलं. नवऱ्याने आणलेल्या कापडाचा रंग जाईल की नाही हे बायका ज्या नजरेने बघतात, ती नजर.

मे महिन्यात आम्ही गोव्याला बंदरावर पोचलो. वहिनीने जेवण पटलं नाही तर असावं म्हणून सुकी सुंगटं आणली होती, आणि त्या कोळंबीच्या वासामुळे रांगेत आमच्या पुढेमागे चांगली ऐसपैस जागा राहिली. दादा नव्या पांढऱ्या शर्टात, जहाज विकत घ्यायला आल्यासारखा, त्याच्या पोटाकडे आणि टोकाकडे बघत होता. "मोठां आसा," तो म्हणाला. "पण आकार बरो नाय." 

खालच्या केबिनचं दार उघडलं. मी बायकोला पुढे जाऊ दिलं. एवढी रीत मला आहे. ती सरळ खिडकीशी गेली. पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि पडदा बाजूला सारला.

खिडकीसमोर होडी होती.

संकटात माणसांना उतरवायला जहाजाच्या बाजूला टांगतात ती, भगव्या रंगाची. खिडकी तिच्या पोटाने काठोकाठ भरलेली होती. वरच्या बाजूला बोटभर आकाश होतं.

आई पुढे झाली, डोळे बारीक करून बघितलं आणि एकदम सैल झाली. "होडी," ती म्हणाली. "बरां झालां गो. परक्या जाग्यात काय तरी वळखीचां." तिने हात जोडले. पिशवीतलं सुरंगीचं फूल काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि निवांतपणे पलंगावर आडवी झाली.

बायकोने पडदा परत लावला. "बाकडां खंय आसा?" तिने मला विचारलं.

"ह्येच्या पाठीमागे आसतला," मी म्हणालो.

काहीतरी करायला हवं म्हणून मी वर दादाच्या केबिनमध्ये गेलो. दादा पलंगावर पाय पसरून टीव्हीवर क्रिकेट बघत होता. खिडकीचा पडदा पूर्ण ओढलेला.

"पडदो कित्याक लावलंस?"

"रोज तोच बघतंय रे," दादा म्हणाला. "रजेर येवन पण तोच बघू?"

मी खाली आलो. बायको बॅगेतले कपडे कपाटात लावत होती. "वर काय खास नाय," मी म्हणालो.

"पडदो लावलेलो आसतलो," ती म्हणाली, आणि माझा शर्ट हँगरला अडकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आश्चर्याने जागा झालो. मला काहीही होत नव्हतं. जहाज भर समुद्रात होतं, मी उभा होतो, आणि भूक लागलेली होती. मध्यावरच्या खालच्या केबिनचं माझं शास्त्र बरोबर निघालं होतं. नाश्त्याला मी इडली खाल्ली, मग पोहे, मग पुन्हा इडली. जातायेता लोकांकडे, हा माणूस समुद्राकाठचा आहे हे कळावं अशा बेताने बघितलं. दादा-वहिनीच्या खुर्च्या मात्र रिकाम्या राहिल्या.

थोड्या वेळाने वहिनी आमच्या केबिनमध्ये आली. चेहरा उतरलेला. "भावजी, लिंबू आसा? ह्येंका पित्त झालां."

मी लिंबू घेऊन वर गेलो. आमचा तांडेल डोक्यावर चादर घेऊन पडला होता. चादरीतून आवाज आला.

"ही होडी न्हय. आपली होडी नाचता, तां आमका समाजता. ह्यां मेलां नुसतां कुशीर वळता. वळता आणि थांबता. मगे परत वळता."

"दादा, बोट लागली काय?"

चादर आणखी वर सरकली. "पित्त," ती म्हणाली.

खाली येऊन मी आईला सांगितलं. औषध सोपं होतं: त्याला खाली मध्यावर आणून झोपवायचं. पण थोरल्याला वरून खाली कसा आणायचा? आणि तेही मी, धाकट्याने, ज्याला होडीच्या काठाला लटकलेला सगळ्या आचऱ्याने बघितलाय? दादा तिथंच प्राण सोडेल पण जिना उतरणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आईने पाय लांब केले. "माझे पाय दुखतत," ती वहिनीला म्हणाली. "थोरल्याक सांग, आवशीजवळ येवन रव. ह्या धाकट्याच्या हाताक जोर नाय."

दादा आला. उशी काखेत, एक हात भिंतीवर, चेहरा हिरवट. पण आईच्या सेवेसाठी निघालेल्या मुलाची चाल त्याने जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत सोडली नाही. आईच्या पायांना त्याने दोन बोटं लावली आणि शेजारच्या पलंगावर कोसळला. तिसऱ्या पलंगावर वहिनीने आपली पिशवी ठेवली. आपोआप आम्ही दोघं उरलो, आणि वरची केबिन.

निघताना आईने माझं मनगट धरलं. "थोरल्याक बोट लागली म्हणान आचऱ्यात बोललंस तर बघ." मग बायकोकडे वळून, आवाज उतरवून म्हणाली, "जा गो. थंय खिडकी मोकळी आसा."

म्हणजे म्हातारी कमी बघते, हा माझा समज होता.

बायको म्हणाली, तुम्ही पुढे व्हा, मी चहा घेऊन येते. मी वर गेलो आणि तिच्या आधी सगळं नीट करून ठेवावं म्हणून पडदा सारला. समोर फक्त समुद्र. होडी नाही, माड नाही, काही नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी आणि त्यावर सकाळचं ऊन. शेवटी जमवलं बुवा आपण, असं मला वाटलं. तिला कोणत्या शब्दांत हे दाखवायचं, त्याची मी मनात जुळवाजुळव करू लागलो.

तेवढ्यात केबिन कुशीवर वळली. थांबली. परत वळली. दादाचं वर्णन अगदी अचूक होतं. दोन्ही इडल्या आणि मधले पोहे आपापल्या जागेवरून उठले. नाश्त्याच्या वेळी वाढप्याने कोणाला तरी सांगितलेलं मला आठवलं: मळमळलं तर दूर जिथं पाणी आणि आकाश मिळतं, तिकडे एकटक बघत राहायचं. मी दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरली, कपाळ काचेला टेकलं, पोटही टेकलं, आणि ती रेघ नजरेत घट्ट पकडून ठेवली.

मागे दार वाजलं. कागदी पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, मग पलंगावर ती बसल्याचा. खालून कोणी तिला हाक मारत नव्हतं. चहाचा वास आला. मी वळू शकत नव्हतो, रेघ सुटली असती. पण एवढं सगळं केल्यावर न विचारता राहवेना.

"काय गो," मी काचेला विचारलं, "कसो दिसता?"

तिने एक घोट घेतला.

"तुमी जरा बाजूक सरा," ती म्हणाली, "मगे सांगतंय."