भिशीतला शेवटचा नंबर

"तुझी चिठ्ठी वाटीत नसतेच गं. तुझा नंबर शेवटचा. पहिल्यापासून तसंच धरलंय आम्ही."

मालतीबाई हे हसत बोलल्या. बोलता बोलता माझ्या द्रोणात चमचाभर चिवडा टाकला. बाकीच्या अकरा जणींच्या हातात स्टीलच्या बशा होत्या, माझ्या हातात पळसाचा द्रोण. बशी कमी पडली म्हणे. आठ महिने झाले, ज्या घरी जाऊ त्या घरी एकच बशी कमी पडायची, अन् ती माझीच.

मले आधी वाटलं, माझी मस्करी करून राहिल्या. मी हसली पण. मग पाहिलं तं दुसरं कोणीच हसून नव्हतं राहिलं. एक बाई खिडकीकडे पाहत होती, एक पदराचा काठ सरळ करत होती. म्हणजे हे सगळ्यांले माहीत होतं. आठ महिने.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट आहे. मी एका सरकारी ऑफिसात ट्रेसर होती. साहेब लोक पेन्सिलनं नकाशा काढायचे, आम्ही तो कापडावर शाईनं उतरवायचा. आमच्या गावातून ऑफिसात खुर्चीवर बसणारी मी पहिलीच बाई. गाव कळमेश्वरच्या पुढं. बाप लहानपणीच गेला होता, माय तिकडं कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाले जायची. मी नागपुरात मामाकडे, इंदोऱ्यात, आमच्याच लोकांच्या वस्तीत. एक खोली, तिच्यात आठ माणसं. मामी फार चांगली, पण घर म्हणजे पाण्याची गळकी बालटी. पगार झाला की कोणाची फी, कोणाचं औषध, कोणाची लाकडं. माझ्या हातात पैसा आहे हे सगळ्यांले दिसायचं अन् मले नाही म्हणता येत नव्हतं.

शहराले तं भूकच फार. ऑफिसले धड लुगडं पायजे, पायात चप्पल पायजे, चहाची वर्गणी पायजे, कोणाचं लग्न, कोणाचं बारसं, त्याचा आहेर पायजे. मी इंदोऱ्याहून सिव्हिल लाइन्सपर्यंत पायीच जायची. डब्यात भाकर अन् कांदा, वरतून तिखट. दोन पातळं आलटून पालटून. तरी वीस तारखेले हात रिकामा. असं करता करता दोन वर्षं गेली अन् मायले मी शंभर रुपये सुद्धा बाजूले काढून दाखवू शकली नाही.

मले मायले आणायचं होतं. बस, एवढंच होतं माझ्या डोक्यात. जिनातला कापसाचा बारीक भुसा तिच्या छातीत बसला होता. रात्री बसूनच झोपायची. गावच्या खोपड्यात चूल अन् धूर, खिडकी नाही. डॉक्टर म्हणाला, हिले त्या धुळीतून काढा. आता काढून ठेवू कुठं? मामाच्या घरी नववं माणूस कुठं झोपवू?

तेव्हा मालतीबाईंनीच मले भिशीत घेतलं. त्या आमच्या ऑफिसातल्या सर्वांत जुन्या. बोलणं गोड, ऑफिसात त्यांचा शब्द चालायचा. मले म्हणाल्या, "टाक गं भिशीत. नाहीतर तुमच्या लोकांच्या हातात पैसा टिकत नाही." हे 'तुमच्या लोकांच्या' मले टोचलं. पण मी गिळलं. कारण गोष्ट खरी वाटली. मामीच्या घरात माझा पैसा टिकत नव्हताच.

भिशीचा रिवाज सोपा होता. बारा जणी, दर महिन्याले प्रत्येकीचे चाळीस रुपये. नावाच्या चिठ्ठ्या पितळेच्या वाटीत टाकायच्या, एक काढायची. जिचं नाव निघालं तिले सगळी रक्कम. अन् मग पुढच्या महिन्यात सगळ्या तिच्या घरी जमायच्या, तिनं फराळ द्यायचा, तिथंच पुढची चिठ्ठी निघायची. कोणाले खरंच अडचण असली तं अदलाबदल चालायची. एकीच्या वडिलांचं ऑपरेशन होतं, तिले दुसरीनं आपला नंबर दिला. एकीच्या बहिणीचं लग्न होतं, तिलेही दिला. सगळ्या म्हणायच्या, भिशी म्हणजे घरच.

मी दर महिन्याले वाटीकडे पाहत बसायची. या महिन्यात निघते, पुढच्या महिन्यात निघते. मी तं इतवारीतून डझनभर कपबशा घेऊन ठेवल्या होत्या, पेटीत, कागदात गुंडाळून. मामीले सांगितलं होतं, माझा नंबर लागला की सांबारवडी करू, कोथिंबिरीची, मस्त तेलाची, वरून कढी. मामी म्हणाली, "ऑफिसातल्या बाया आपल्या घरी येतीन वं? मंग तं भिंती सारवाव्या लागतीन." अन् खरोखर सारवल्या तिनं. दोनदा सारवल्या.

आता तुम्हीच पाहा. माझं नाव वाटीत नव्हतंच, अन् माझी मामी भिंती सारवून राहिली होती.

त्या महिन्यात मले खोली सापडली होती. नंदनवनाकडे तेव्हा नवीन घरं उठून राहिली होती. रेल्वेतून रिटायर झालेले एक चाचा होते, त्यांच्या घराच्या मागची खोली. दोन खिडक्या, अंगणात नळ, मोकळी हवा. त्यांनी जात विचारली नाही. माय आजारी आहे म्हटलं तं म्हणाले, "ले आओ बेटी, अम्मा को ले आओ. पर डिपॉझिट चार सौ लगेगा, और एक तारीख के बाद मैं नहीं रोक सकूँगा, बहुत लोग पूछ रहे हैं." एक तारखेले आठवडा बाकी होता. चारशे रुपये मी कुठून आणू? भिशी होती ना.

त्या दिवशी मालतीबाईंच्या घरी चिठ्ठी निघाली नलूची. नलू माझ्या बाजूच्या टेबलावर बसायची, माझ्याच वयाची, मनानं वाईट नव्हती. तिले कपाट घ्यायचं होतं, घाई नव्हती. मी म्हटलं, नलू, मले नंबर दे, माझा येईन तेव्हा तू घे. नलूनं मालतीबाईंकडे पाहिलं. अन् तेव्हा मालतीबाई ते बोलल्या, जे मी सुरुवातीले सांगितलं.

मी विचारलं, "काहून?"

"जाऊ दे ना. तुला माहीत आहे. कशाला बोलायला लावतेस?"

"मले नाही माहीत. तुम्ही सांगा."

मालतीबाईंनी चिवड्याचं भांडं खाली ठेवलं. "अगं, जिचा नंबर तिच्याकडे जायचं, खायचं. आम्ही स्वतः काही मानत नाही बरं का. पण प्रत्येकीच्या घरी सासू आहे, देव आहेत. उगीच अडचण कशाला? तुझा नंबर शेवटी ठेवला की पार्टीचा प्रश्नच नाही. पैसे तर तुला मिळणारच होते. बुडवले का आम्ही?"

बापा रे! मी हिशेब लावत बसली. माझे चाळीस यांनी दर महिन्याले घेतले. त्या चाळिसात कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाच्या बहिणीचं लग्न झालं, कोणाच्या घरी पंखा लागला. माझ्या पैशाले सासू आडवी नाही आली, देव आडवे नाही आले. मी मात्र सगळ्यांच्या मागं. माय तिकडं बसून रात्र काढून राहिली, अन् मी इकडं या बायांले बिनव्याजी कर्ज देऊन राहिली, वरून द्रोणात चिवडा खाऊन थँक्यू म्हणून राहिली!

माझं तोंड पाहून मालतीबाईंले दया आली असावी. त्यांनी नोटांची पुरचुंडी उचलली, माझ्यासमोर धरली.

"हे बघ, अडचण आहे ना तुला? घे. नलूचा नंबर तू घे, आत्ता घे. फक्त फराळ नको. पुढच्या महिन्यात सगळ्या इथंच जमू. तुझ्या नावानं मीच करीन काहीतरी. तू मला सामानाचे पैसे दे, झालं."

मी पुरचुंडी हातात घेतली. खोटं सांगत नाही, घेतली. हातात वजन आलं अन् मले दोन खिडक्या दिसल्या. त्या खिडकीखाली माय निजलेली दिसली, आडवी, सरळ. माझ्या तोंडातून हो निघणारच होतं.

पण तुझ्या नावानं मीच करीन, हे कानात अडकलं. म्हणजे पैसा माझा, नाव माझं, हात फक्त यांचा. माझे हात तेवढे कापून ठेवायचे. ज्या हातानं मी यांच्या साहेबांचे नकाशे उतरवते, रेघ न हलवता, त्या हाताची वडी यांच्या घशाखाली उतरत नाही. अन् मी हो म्हटलं असतं तं मीच ते कबूल केलं असतं, सगळ्यांसमोर, चारशे रुपयांसाठी.

मी पुरचुंडी सतरंजीवर ठेवली. ऑफिसात मी जपून बोलायची, त्यांच्यासारखं. त्या दिवशी ते सगळं उडून गेलं.

"मले मेहरबानी नको. माझं नाव वाटीत टाका. आत्ता, सगळ्यांसमोर. निघालं तं निघालं, नाही निघालं तं नाही. पण निघालं की माझ्या घरी यायचं. इंदोऱ्यात. बसायचं अन् खायचं. सगळ्यांले जो नियम तोच मले."

"आणि कोणी नाही आलं तर?"

"तं मी भिशीत नाही. माझे आठ महिन्यांचे पैसे वापस करा."

मालतीबाई उठून उभ्या राहिल्या. आवाज बदलला. "भिशी मधेच मोडत नाही. ज्यानं सोडली त्याला शेवटी मिळतात. नियम आहे."

नियम! वाटीतून माझं नाव काढताना कोणाले नियम आठवला नाही. माझे पैसे अडवताना बरोबर आठवला. मी द्रोण तिथंच ठेवला अन् निघाली. कोणीच उठलं नाही.

फाटकापाशी नलू धावत आली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. माझा हात धरून म्हणाली, "घ्यायचे होतेस गं पैसे. मी आले असते तुझ्याकडे. एकटी आले असते, कोणाला न सांगता."

कोणाला न सांगता. मालतीबाईंपेक्षा हे जास्त लागलं मले. कारण नलूले वाटत होतं ती माझ्यावर उपकार करून राहिली. मी म्हटलं, "लपून यायचं असंल तं नको येऊ, नलू." हात सोडवला अन् चालू लागली.

एक तारखेले खोली दुसऱ्याले गेली. चाचांनी दोन दिवस जास्त थांबून पाहिलं. मी इंदोऱ्यात दहा दारं ठोठावली, पण तिथं कोणाच्या घरी चारशे रुपये पडले होते?

रविवारी एस.टी.नं गावाले गेली. मायले वाटलं, न्यायले आली. तिनं आपलं गठुडं बांधून ठेवलं होतं. मी सगळं सांगितलं. मले वाटलं, माय पाठीवर हात ठेवीन, म्हणीन, शाब्बास पोरी. मायनं ऐकलं, खोकली, अन् पेटली.

"पैसा हातात आला अन् वापस केला? मी जनमभर लोकायच्या दारचं शिळं आणून तुले वाढवलं, शिकवलं. तवा माही इज्जत नाई गेली? मले खोली पायजे होती वं. तुही इज्जत मी पांघरू काय?"

मी तिच्या पायाशी बसून राहिली, तिनं तोंड फिरवलं. मग तिनंच भाकर टाकली, मले जेवू घातलं. जाताना मी म्हटलं, माय, मी दुसरी खोली पाहते. ती म्हणाली, "पाह्य."

मी पाहत होती. पोस्टात पाच-पाच, दहा-दहा टाकत होती. भिशीचे माझे पैसे चार महिन्यांनी आले, शिपायाच्या हातानं, पाकिटात. तोपर्यंत थंडी पडली होती. पाकीट आलं त्याच्या आदल्या आठवड्यात माय गेली. गावातच, खोपड्यात, बसल्या बसल्या. त्या पैशातून मी मयतीची उधारी फेडली, तिचं मागचं सगळं केलं.

मामी मयतीच्या दिवशी रडता रडता बोलून गेली, "थोडं वाकली असती तं जगली असती वं बाई." मामीचा राग नाही मले. मी स्वतःले हे तिच्यापेक्षा जास्त वेळा बोलली आहे. खोलीत आणली असती तं माय जगली असती का? असती कदाचित. अजून चार वर्षं, अजून दहा वर्षं. हे मले कोणी समजावून सांगायची गरज नाही, अन् कोणी माझी समजूतही काढू नये.

पण एक गोष्ट मी तेव्हाच पक्की केली. मायच्या मरणाचा दोष मी माझ्या एकटीच्या डोक्यावर घेणार नाही. पितळेच्या वाटीतून माझं नाव ज्यांनी उचललं, अन् ज्या बाकीच्या गप बसून चिवडा खात राहिल्या, त्यांचा वाटा त्यांच्याकडेच राहीन. मालतीबाई रिटायर झाल्या तेव्हा निरोप समारंभाची वर्गणी मागायले आले. मी दिली नाही. काहून दिली नाही ते भर ऑफिसात, मोठ्यानं, त्यांच्यादेखत सांगितलं. त्या रडल्या. मी थांबली नाही, शेवटपर्यंत सांगितलं. लोक म्हणाले, एवढी जुनी गोष्ट, म्हाताऱ्या बाईले कशाले. जुनी तुमच्यासाठी.

मी माफ केलं नाही. करणार नाही. अन् हेही सांगून ठेवते, उद्या पुन्हा कोणी माझ्यासमोर तीच पुरचुंडी धरली, माय तशीच खोकत बसली असली, तरी मी ती सतरंजीवरच ठेवीन. रडत ठेवीन, पण ठेवीन.