नानांच्या गाठी

“म्हाताऱ्यानं ते रजिस्टर रद्दीत घातलं असणार. दुसरं कुठे जाईल?”

रॅकच्या पलीकडे दोघे कारकून चहा पीत होते. अलीकडे स्टुलावर मी बसले आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“रिटायर माणसाच्या हातात किल्ल्या दिल्या की हेच होणार,” दुसरा म्हणाला. “साहेब आता गुन्हा दाखल करतात की नाही बघ.”

मी हलले नाही. मांडीवरच्या रजिस्टरचं पान उलटलं असतं तरी आवाज झाला असता.

म्हातारा म्हणजे नाना. धुळ्याच्या त्या दप्तरखान्यात पोलीस ठाण्यांची जुनी रजिस्टरं कापडी रुमालांत बांधून ठेवलेली होती. कोणतं कुठे आहे हे एकट्या नानांना माहीत होतं, म्हणून निवृत्तीनंतरही त्यांना मानधनावर बोलावून घेतलं होतं. आत शिरण्याआधी ते पहिल्या रॅकवर काठीने तीनदा ठोकत. “काय नाना, देवाला उठवता का?” असं कुणी विचारलं की अहिराणीत म्हणत, “देव नही रे भाऊ, उंदीर शेतस. त्यासलेबी सांगीसन जानं पडस.” उंदरांनाही सांगून आत जावं, असा त्यांचा नेम.

नानांना जाऊन आता दुसरं वर्ष चालू आहे. त्यांच्याबद्दल लिहायचं तर त्या हरवलेल्या रजिस्टराबद्दल लिहावं लागतं, आणि ते मी इतके दिवस टाळलं.

मी तिथे स्कॅनिंगच्या कामाला होते, कंत्राटावर. शिक्षण जळगावच्या इंग्रजी शाळेत झालेलं. जुनं मराठी हस्ताक्षर मला अक्षराला अक्षर जोडून वाचावं लागे, आणि कुणाला काही विचारायला मी धजत नसे. नानांनी ते पहिल्याच आठवड्यात ओळखलं. ते शेजारी येऊन बसत आणि न विचारताच सांगत, “लगेच वाचू नको, पोरी. पहिले देख. लिहिनारना हात कोठे थांबना, ते देख.” मग बोट ठेवून दाखवत. शाई जिथे जाड झालेली असे, तिथे हवालदार विचारात पडलेला असे. काय लिहावं, काय गाळावं.

रुमाल बांधायलाही त्यांनीच शिकवलं. त्यांची गाठ चपटी असे, टोकं आत खोचलेली. मला ती कधी जमली नाही. मी दोन पाकळ्यांची फुलगाठ मारत असे. “हाई काय शाळाना बूट शे का?” म्हणत ते खो खो हसले, पण माझी गाठ सोडून पुन्हा बांधली नाही.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस मी दप्तरखान्यात एकटी होते. खिडकीजवळच्या फळीवरचे रुमाल फार मळलेले होते, कुजल्यासारखा वास यायचा. कपाटात नवे रुमाल होते. नाना आल्यावर खूश होतील, म्हणून मी बावीस गठ्ठ्यांचे रुमाल बदलले. जुने सफाईवाल्या बाईंना देऊन टाकले. प्रत्येक जुन्या रुमालाच्या आतल्या कोपऱ्यात ठाण्याच्या नावाची चिठ्ठी टाचलेली होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. बांधलेले गठ्ठे मी दाराजवळच्या बाकावर रचले. त्याच बाकावर जळगावच्या गोदामात पाठवायची दप्तरं होती. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि हमालांनी सगळंच उचललं. मी बघत होते. जायचेच असतील, असं वाटलं. विचारलं नाही.

नाना कामावर परतले त्याच दिवशी सोनगीरकडच्या एका खेड्यातून ऐंशीच्या घरातल्या एक अक्का अर्ज घेऊन आल्या. त्या लहान असताना त्यांच्या वडिलांना ठाण्यात बोलावलं होतं आणि ते परत आलेच नाहीत. पुढे काय झालं ते घरात कुणी सांगितलं नाही. रजिस्टरात काय लिहिलंय तेवढं त्यांना बघायचं होतं. नाना ठामपणे म्हणाले, “शे, अक्का. मी सोता देखेल शे.” काठी टेकत ते खिडकीजवळ गेले. फळी रिकामी होती.

“अठलं बठ्ठं कोन हालाडं?” इथलं सगळं कुणी हलवलं, असं त्यांनी मला विचारलं.

“मला नाही माहीत,” मी म्हणाले.

साहेबांनी नानांकडून लेखी खुलासा मागितला. आठ दिवसांत रजिस्टर सापडलं नाही तर गुन्हा. ते आठ दिवस मी डबा तसाच घरी नेत होते. साहेबांच्या केबिनची घंटा वाजली की मी रॅकमागे जायचे. काम जाईल, पोलिसांत नाव जाईल, बाबांना कळेल. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. नाना मात्र माझ्यासमोर एकेक रॅक उपसत होते. ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी यायचं, ते बाहीने पुसायचे.

सातव्या दिवशी म्हणाले, “चाल, जळगाव जाऊत.”

आम्ही एसटीने निघालो. पारोळ्याच्या स्टँडवर त्यांनी केळी घेतली, दोन मला दिली. मी ती पिशवीत ठेवली. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्या गोदामात छतापर्यंत दप्तरं होती. नानांनी एकही चिठ्ठी वाचली नाही. काठीने वाट काढत ते सरळ कोपऱ्यात गेले आणि फुलगाठीचे गठ्ठे तेवढे बाजूला काढू लागले.

ती गाठ माझी होती. त्यांना माहीत होतं. कधीपासून, हे विचारायची हिंमत झाली नाही.

नवव्या गठ्ठ्यात रजिस्टर निघालं. अक्कांच्या वडिलांचं नाव असलेल्या पानात नानांनी कागदाची पट्टी घातली आणि ते मिटून टाकलं. मी वाकून बघत होते. “नही,” ते म्हणाले. “हाई वाचाना पहिला हक तिना शे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं साहेबांच्या केबिनमध्ये होतो. रॅकमागे चहा पिणारे ते दोन्ही कारकून दारातच उभे होते. रजिस्टर टेबलावर होतं, पण साहेबांचा आवाज उतरला नाही. जावकमध्ये नोंद नसताना सरकारी दप्तर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं कसं?

“चूक माझी, साहेब,” नाना म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. “डोळ्याला नीट दिसत नव्हतं.”

“मग तसं लिहून द्या. आणि उद्यापासून येऊ नका.”

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. नानांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. दारात कुणीतरी हसलं. माझ्या कानांत नुसतं घूं होत होतं, आणि त्यातूनच मला माझा आवाज ऐकू आला. तो मोठा होता.

“नाना तेव्हा दवाखान्यात होते, साहेब. ते गठ्ठे मी सोडले. टेम्पोत गेले तेही मी बघितलं. तो कागद इकडे द्या, लिहायचं मला आहे.”