वस्तरा नऊदा उचलला

आमच्या हाडांच्या वॉर्डात दाढ्या करणाऱ्या माणसाला सगळे वस्तरेकाका म्हणायचे. न्हावी म्हटला की गप्पिष्ट असणारच, असं तुम्हाला वाटेल. यांचं उलटं. दहा खाटा उरकल्या तरी तोंडातून दहा शब्द निघतील तर शपथ! आणि मी त्या वॉर्डाची मुख्य सिस्टर, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. मी बोलायला लागले की समोरच्याला श्वास घ्यायची सोय नाही. अशी मी या मुकाट माणसापुढे एकदा सपशेल तोंडावर पडले, ती गोष्ट सांगते.

काकांची कामाची रीत ठरलेली. पेशंटला बसवायचं, गरम टॉवेल, मग फेस, मग डाव्या हाताची दोन बोटं जबड्याच्या कोपऱ्यावर. जबडा सैल आहे तोवर वस्तरा चालणार. ताठला की वस्तरा वर, आणि पुन्हा सैल होईपर्यंत काका तसेच उभे. "आवरा हो, राउंड यायचाय," असं मी ओरडले की म्हणायचे, "ताठ गाल कापतो." संपलं भाषण. अठरा वर्षं मी त्यांचं काम बघितलं, एकाही गालावर रक्ताचा ठिपका आलेला मला आठवत नाही. आमच्या सर्जननाही हे जमलं असतं का, देव जाणे.

त्या वर्षी सात नंबरच्या खाटेवर घड्याळवाले आजोबा आले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली, आता स्मृती गेलेली, त्यात न्हाणीघरात पडून खुबा मोडला. ऑपरेशन झकास झालं, पण माणूस बिघडला. अंघोळीला उठवलं की मारायचे, चादर बदलायला गेलं की चावायचे. मी रोज सकाळी सातला तक्ता घेऊन विचारायचे, "आजोबा, शून्य ते दहा, किती दुखतंय?" ते छताकडे बघत म्हणायचे, "उत्तम." मी लिहायचे, शून्य.

आजी दिवसभर खाटेजवळच्या स्टुलावर. त्यांना एकच घोर, ह्यांना घरी नेता येईल का? मुलगा वाईट नव्हता, पण त्याने सरळ सांगून टाकलं होतं, "आई, बाबा असेच मारत राहिले तर उद्या तुझं हाड मोडेल. मी त्यांना अशा पेशंटांच्या संस्थेत ठेवतोय. शुक्रवारी गाडी येईल." संस्थेची दारं बाहेरून बंद आणि भेटायची मुभा आठवड्यातून एकदा. पन्नास वर्षांचा संसार असा गाडीत घालून पाठवायचा म्हणजे काय होत असेल त्या बाईला! "ह्यांचा स्वभाव असा नव्हता हो," एवढंच त्या मला परत परत सांगायच्या. मी म्हणायचे, "आजारच आहे तो, आजी." झोपेचं औषध वाढवलं होतं. आजोबा अर्धा दिवस पेंगायचे आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात हात चालवायचे.

सोमवारी काका माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"सिस्टर, सात नंबरला दुखतंय."

"तक्त्यावर शून्य आहे."

"परवा वस्तरा तीनदा उचलला. काल पाचदा. आज नऊदा."

"काका, तुम्ही दाढ्या करा. दुखणं आम्ही बघतो."

असं बोलले मी, खोटं कशाला सांगू? पण शेजारी नव्या डॉक्टरीणबाई फाइल चाळत होत्या, त्यांनी मान वर केली. ज्यांना आपलं दुखणं सांगता येत नाही, त्यांचं दुखणं ओळखायचं कसं, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. मला त्या फारशा आवडायच्या नाहीत. कानामागून आली आणि तिखट झाली, असं आपलं माझं मत.

त्या मला म्हणाल्या, "सिस्टर, स्मृती गेलेल्या माणसाला नुसतं विचारून भागत नाही, असं अलीकडचे अभ्यास सांगतात. चेहरा बघायचा, आवाज ऐकायचा, अंग कसं आखडतं ते बघायचं, आणि तेही हालचाल होताना. अशा पेशंटना बाकीच्यांपेक्षा वेदनेचं औषध कमी मिळतं. कितीदा तर दुखणं थांबवलं की मारणंही कमी होतं. तुम्ही विचारता तेव्हा आजोबा पडलेले असतात ना?"

"सकाळी सातला काय नाचत असतील?" मी म्हटलं.

मंगळवारी त्या आपला निरीक्षणाचा कागद घेऊन आल्या. काकांनी दाढी केली. आजोबा गाईसारखे गरीब. कपाळावर आठी नाही, तोंडातून हूं नाही. बाईंनी कागदावर शून्य मांडलं, पेनाला टोपण लावलं. मी काकांकडे असं बघितलं की बस्स, मनात लाडू फुटत होते माझ्या!

काका टॉवेल पिळत उभे होते. त्यांचा चेहरा पडला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मी आज त्यांना बसवलंच नाही. काल फार त्रास झाला, म्हणून उताणं ठेवून केली."

"मग बसवा की," मी म्हटलं.

काका हलेनात. गालाला कळ पोचायच्या आत हात थांबवायचा, एवढंच त्यांनी जन्मभर केलेलं. आता मुद्दाम कळ काढायची होती, तीही चारचौघांत. त्यांनी बाईंकडे नाही, माझ्याकडेही नाही, आजींकडे पाहिलं. "आजी, मी त्यांना दुखवणार आहे. एकदाच. चालेल?"

आजींनी स्टुलाची कड घट्ट धरली. "करा," म्हणाल्या.

काकांनी आजोबांना हळूच उठवून बसवलं आणि जबड्यावर बोटं ठेवली. आजोबांच्या भुवया जवळ आल्या, डोळे करकचून मिटले, वरचा ओठ चढला आणि दातांतून बारीक आवाज निघाला. तो आवाज मी रोज अंघोळीच्या वेळी ऐकत होते आणि कुरकूर म्हणून सोडून देत होते. पुढच्या क्षणी फाडकन काकांच्या कानाखाली बसली! आजोबांच्या हाताला लागलेला दाढीचा फेस काकांच्या कानाला लागला. काका जागचे हलले नाहीत.

"डॉक्टर, दिसलं? झोपवू?"

"झोपवा, झोपवा!"

डोक्याखाली हात धरून त्यांनी आजोबांना निजवलं आणि म्हणाले, "माफ करा." आजोबा म्हणाले, "उत्तम."

आजी उभ्या राहिल्या होत्या. "म्हणजे हे मला मारत नव्हते?" त्या म्हणाल्या. "कळवळत होते? आणि मी यांच्यावर रुसून बसत होते!"

मी टेबलाशी जाऊन तक्ता उघडला. माझ्या सुबक अक्षरात अकरा शून्यं. सोनाराने कान टोचावेत म्हणतात, माझे न्हाव्याने टोचले. लाज वाटली मला, मनापासून वाटली.

पुन्हा फोटो काढला. हाड जागेवर होतं, पण दुखणं खरं होतं. झोपेचं औषध कमी केलं आणि वेदनेचं औषध विचारायची वाट न बघता ठरल्या वेळी सुरू केलं, अंघोळीच्या आधी आठवणीने. बुधवारी काकांनी बसवून दाढी केली, वस्तरा सहादा उचलला. गुरुवारी दोनदा. बाईंनी ते आकडे टिपून घेतले. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, असंही त्याच म्हणाल्या, तेव्हा त्या मला जरा आवडल्या. गुरुवारी मुलगा अंघोळीच्या वेळी मुद्दाम येऊन उभा राहिला. आजोबा कण्हले, पण हात उचलला नाही. मुलाने बाहेर जाऊन गाडीवाल्याला फोन केला, नको म्हणून.

शुक्रवारी सामान आवरून झालं आणि आजींना रडू फुटलं. "घरी मला कसं कळणार? सिस्टर नाहीत, डॉक्टर नाहीत. विचारलं तर हे उत्तमच म्हणणार."

वस्तरेकाकांनी आजोबांना बसवलं, फेस लावला आणि आजींची दोन बोटं धरून आजोबांच्या जबड्यावर ठेवली. "वस्तरा नको, साधं रेझर घ्या. पण आधी हे," एवढंच बोलले. सगळे बघताहेत म्हणून आजी लाजल्या.

"सैल आहे," जरा वेळाने त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पन्नास वर्षांत मी ह्यांच्या गालाला कधी असा हात लावला नव्हता हो."

आजोबांनी डोळे मिटले आणि डोक्याचा सगळा भार त्यांच्या हातावर टाकला.