निरोप जसाच्या तसा

प्रेमानंद इंगळे सर खुर्चीवर बसत नसत, खुर्चीत उतरत. आधी एक हात टेबलावर, मग "आई गं", मग पाठ, आणि सर्वांत शेवटी इंगळे सर. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी चिखलीहून या खेड्यातल्या शाळेपर्यंतचा रस्ता मोटारसायकलवर इतक्यांदा कापला होता, की त्यातले निम्मे खड्डे आता त्यांच्या कमरेत वस्तीला आले होते. शिकवणं त्यांना आवडायचं, पण शिकवायला सवड कुठली? आज शौचालयाचा फोटो पाठवा, उद्या झाडांची उंची भरा, परवा ती झाडं का मेली ते लिहा.

त्या बुधवारी वरून नवा तक्ता आला होता : 'माझी सामाजिक कौशल्ये : माझे मीच परीक्षण'. वीस विधानं, प्रत्येकापुढे तीन चौकोन. नेहमी, कधीकधी, कधीच नाही. सहावी आणि सातवीचे तक्ते एकत्र करून चार वाजेपर्यंत पाठवायचे होते.

पाठीपेक्षा मोठं दुखणं तिथेच होतं. सहावीच्या शैलजा मॅडमशी सर दोन वर्षं बोलत नव्हते. एका सव्वीस जानेवारीला त्यांनी माईकवर सांगितलं होतं, "आता मॅडम दोन शब्द बोलतील." मॅडम चाळीस मिनिटं बोलल्या. मग सर म्हणाले, "पहिला शब्द संपला असेल तर जिलबी वाटून घेऊ." गाव हसलं, मॅडम हसल्या नाहीत. तेव्हापासून दोघांमधलं सगळं दळणवळण आता सरांच्या सातवीत असलेली वैष्णवी सांभाळत होती. या वर्गातून त्या वर्गात, निरोप घेऊन.

सर तक्ते तपासू लागले. वर्ग एका दुपारीत संतांचा झाला होता. जिकडे तिकडे 'नेहमी'.

"काऊन बे प्रज्वल, राग आल्यावर तू दहापर्यंत मोजतो?"

"हाव सर, मोजतो. पण सहालेच हात उठते."

सरांनी ते तसंच राहू दिलं. 'सहापर्यंत' असा चौकोन नव्हता, आणि भांडायचं त्राणही नव्हतं.

मग वैष्णवीचा तक्ता आला. एकोणीस ठिकाणी 'नेहमी' आणि एका ठिकाणी 'कधीच नाही'. विधान होतं : 'दुसऱ्याचा निरोप मी जसाच्या तसा पोचवते.'

सरांनी तिला टेबलाजवळ बोलावलं. "हे चुकून झालं का वं?"

"खरं लिहा म्हणले ना तुम्ही."

"म्हणजे माझे निरोप..."

"तुम्ही म्हणाले, 'त्या बाईले सांग, खडूचा कारखाना नाही टाकला मी.' म्या सांगतलं, 'सर म्हणे, थांबा जराक, पाठवतो.'"

"मंग खडू कोणं दिले?"

"तुमच्याच डब्यातून नेले म्या."

सर वर्षभर उंदरांवर संशय घेत होते.

"बरं, मॅडमनं माह्या पाठीची चौकशी केली होती, ते तरी खरं का?"

वैष्णवी बाकाच्या कडेला नख लावून उभी राहिली. "मॅडम म्हणे, 'तुमच्या सरांना उठून इथवर यायला काय पाठ मोडली आहे का?' त्याचं म्या तसं केलं."

त्या चौकशीवर सर चार दिवस जगले होते. घरी बायकोला, सुवर्णाबाईंनाही त्यांनी सांगितलं होतं, "वैरीण असो, पण माणुसकी आहे."

"काऊन केलं तू असं?"

"नाई तं भांडण झालं असतं ना सर." मग तिचा आवाज उतरला. "पण म्या आता नाई जात. लय थकली. तुमचं याद ठेवा, मॅडमचं याद ठेवा, आन् त्यात गोड काय टाकाचं ते आठ पावलांत सुचवा. इतिहासात सात मार्क भेटले मले."

बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर सरांना पेन्शनीला आलेल्या माणसाचा शीण दिसला. ती जागेवर जाऊन बसली आणि तिनं डोकं बाकावर टेकलं.

सहावीचे तक्ते भिंतीपलीकडेच होते. सरांनी सवयीनं तोंड उघडलं, "वैष्ण..." आणि मिटलं. मग ते उठले. पलीकडच्या दारात पोचले तेव्हा त्यांना कळलं, की आपल्याला एकही वाक्य सुचलेलं नाही.

"मॅडम."

शैलजा मॅडमनी वहीतून मान वर काढली नाही. "वैष्णवी, सरांना सांग, तक्ते तयार आहेत." आणि मग दचकून वर पाहिलं.

"ती थकली," सर म्हणाले. "मीच आलो."

सहावीची पोरं पेन्सिली तोंडात धरून बघत राहिली. मॅडमनी तक्ते पुढे सरकवले. चष्मा काढला, पुसला, हातातच ठेवला.

"दर सोमवारी तुम्ही माझ्या आईची चौकशी करता, बरं वाटतं हो."

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण मग उद्यापासून ते निभावायला पुन्हा कुणाला तरी पाठवावं लागलं असतं.

"मी नव्हती केली, मॅडम. पोरीनं आपल्या मनानं केली." सर थांबले. "आता करतो. कशा आहेत त्या?"

मॅडमनी हातातला चष्मा वहीवर ठेवला.

"'बरी आहे' म्हणून सांगायचे मी वैष्णवीला. बरी नाही. दोन महिने झाले, मला ओळखत नाही ती."

हे वाक्य गोड करून द्यायला मध्ये कुणी नव्हतं. सरांनी पहिल्या बाकावरच्या पोराला सरकायची खूण केली आणि त्याच्या शेजारी बसले.

"सांगा," ते म्हणाले.