वॉलाय आणि आईचं पंचांग

वॉलाय नावाच्या माशानं मला जेवढं छळलं, तेवढं ऑफिसातल्या कुठल्याही मॅनेजरनं छळलं नाही. दोन हजार चार सालची गोष्ट. आम्ही मिनेसोटात ईडन प्रेरीला राहत होतो आणि मे महिन्यात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. बाबांना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. आईनं वर्षभरासाठी मासे सोडले होते. कोणी सांगितलं नव्हतं, तिनंच ठरवलं. आमचं घर मालवणचं, मासा नाही तर जेवणात राम नाही असं मानणारं. आणि ही वरणभात कालवून पाच मिनिटांत पानावरून उठायची. ब्लाउज अंगावर लोंबायला लागले होते. ऑक्टोबरात वर्ष संपलं की मी स्वतः पकडलेला मासा तिच्या ताटात वाढायचा, तो खाऊनच तिला विमानात बसवायचं, असा मी निश्चय केला. दुकानातून आणला तर चालणार नाही का, असं बायकोनं सुचवून पाहिलं. पण मला पराक्रम करायचा होता.

शेजारी एक रिटायर्ड अमेरिकन आजोबा राहायचे. त्यांच्याकडे बोट होती, आणि उत्तरेला दोन तासांवर एवढं मोठं तळं होतं की पलीकडचा काठ दिसत नसे. मी समुद्राकाठचा, असं सांगून त्यांच्यापुढे भरपूर छाती फुगवली होती. खरं तर मी मासे आणले ते बाजारातून, पिशवीत घालून. पहिल्याच शनिवारी मी गळ माझ्याच जॅकेटच्या बाहीत अडकवला, तेव्हा आजोबांना माझं समुद्राशी नातं नेमकं कळलं.

त्यांचं शास्त्र मोसमाप्रमाणे बदलायचं. मेमध्ये मासा अंडी घालून दमलेला असतो, काठाजवळ खडीवर उथळ पाण्यात पडून राहतो. तेव्हा शिशाचं डोकं असलेल्या गळाला छोटा मासा लावायचा आणि अगदी आळसात ओढायचा. मी आळसात काही करत नाही, त्यामुळे मला काही मिळालं नाही. आई साडीवर माझं जॅकेट आणि पायात मोजे घालून बोटीत बसायची. ती आजोबांशी मराठीत बोलायची, ते तिच्याशी इंग्रजीत, आणि दोघांचं छान जमायचं. विषय बहुधा मीच असायचो, कारण दोघं माझ्याकडे बघूनच हसायचे.

जुलैत मासा खोल जातो, चिखलाच्या तळावर. तेव्हा त्याला जळवा लागतात. मी जळवा आणल्या आणि दह्याच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्या. मराठी घरात दह्याचा डबा फेकत नाहीत, त्यामुळे तसले पाच डबे आत होतेच. आईनं कढीसाठी नेमका तोच उघडला.

"अरे, ह्यात काय वळवळतंय?" ती ओरडली.

"आई, टच करू नकोस, बेट आहे ते, माशांचं आमिष!"

"तू मासे पकडणार आहेस की माझं रक्त काढणार आहेस?"

बायकोनं त्या दिवसापासून फ्रिजवर कागद चिकटवला: 'उघडण्यापूर्वी विचारा'. त्यात त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणजे श्रावण दोन. दोन्ही श्रावणांत घरात मासा शिजणार नव्हता, आणि जळवांचा हंगाम नेमका तेव्हाच. मी ऑफिसात सगळ्यांना हा विनोद सांगत फिरलो. विनोद सांगताना डोकं वापरलं असतं तर पुढचं टळलं असतं.

ऑक्टोबरात बाबांची तारीख उलटली आणि पुढच्याच शनिवारी आम्ही तळ्यावर गेलो. शरदात मासा खडकांवर चढतो, संध्याकाळी खातो, आमिष मोठं लागतं. आकाश भरून आलेलं, पाण्यावर बारीक लाटा, म्हणजे वॉलायचा दिवस. पाच वाजता माझी काठी वाकली. आजोबांनी जाळी घातली, पट्टी लावली, ठरावीक मापाचे मासे परत सोडावे लागतात म्हणून. हा नियमात बसत होता. सोनेरी, काचेसारख्या डोळ्यांचा, हातभर.

"आई, बघ!"

"छान आहे. सोड आता त्याला."

"सोड? वर्ष झालं ना! मी डेट बघून ट्रिप प्लॅन केली यार!"

"तुझ्या डेटनं झालं असेल. यंदा अधिक आला, तिथी अजून दोन आठवडे पुढे आहे. आणि आत्ता पितृपक्ष चालू आहे."

"फ्रीज करू."

"बर्फातलाच खायचा, तर दुकानातल्यानं काय घोडं मारलं होतं?"

मी आईवर चिडलो, स्पष्टच सांगतो. पाच महिने, आणि हातातला मासा! आजोबांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं, कॅलेंडरचा नियम आहे. "रूल इज रूल," ते म्हणाले आणि त्यांनी मासा हळूच पाण्यात धरला. तो शेपटी मारून गेला.

तिथी झाली तोवर आजोबांनी हिवाळ्यासाठी बोट बांधून ठेवली होती. आईच्या विमानाला आठ दिवस उरले. आजोबांनी शेवटचं शास्त्र सांगितलं: थंडी वाढली की दिवस मावळताना मासा काठाच्या दगडांपाशी येतो, कंबरभर पाण्यात उभं राहून गळ टाकायचा. मंगळवारी हाफ डे टाकून मी रबरी पँट घालून उभा राहिलो. आई गाडीत हीटर लावून बसली. पायांची संवेदना गेल्यावर एक मिळाला. पहिल्याच्या निम्मा, पण आमचा.

बुधवारी आईनं त्याच्या तुकड्या केल्या, तिरफळं घालून आमटी केली. बायको अजून यायची होती, आम्ही दोघंच जेवायला बसलो. तिनं भात मोडला, आमटी घातली, आणि तुकडीला हातच लावेना.

"आता कुठली तिथी राहिली?" मी जरा तिरकसपणे विचारलं.

"काटे," ती खाली मान घालून म्हणाली. "मला कुठे येतात काढता?"

आई मूळची सोलापूरची. मासे रांधायला लग्नानंतर शिकली, काटे काढायला कधीच नाही. बाबा आधी तिची तुकडी साफ करून तिच्या पानात सरकवायचे, मग स्वतःची खायचे. लहानपणापासून मी ते समोर बसून पाहिलं होतं आणि मला त्याची आठवणही राहिली नव्हती. वर्षभर मी समजत होतो की हिनं मासे सोडले; खरं तर काटे काढून देणारं माणूस गेलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

मी तिचं ताट माझ्याकडे ओढलं. बोटांनी चाचपत एकेक काटा काढला. आमटी निवली. ताट परत दिलं, तिनं घास घेतला, चावला, आणि तोंडातून एक बारीक काटा काढून पानाच्या कडेला ठेवला.

"ह्यांचा कधी राहिला नाही हो," ती म्हणाली. हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. पदरानं पुसून तिनं दुसरी तुकडी माझ्याकडे सरकवली.

"ही नीट बघून दे."