ड्रम भरेपर्यंत

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये भाईदास पाटलांनी उमेदीची सगळी वर्षं साड्या उकळण्यात घालवली. उकळण्यात हा शब्द शब्दशः घ्यायचा. जेट नावाच्या लांबोडक्या लोखंडी यंत्रात पॉलिस्टरचं कापड आणि रंग घालायचा, झाकण आवळायचं आणि पाणी उकळीच्याही पुढे नेऊन ठेवायचं, की रंग कापडाला असा धरतो की मग त्याला सोडवणं रंगवणाऱ्याच्याही हातात राहत नाही. रंग गार पाण्यात डळमळतो आणि तापला की पक्का होतो, एवढं एकच तत्त्वज्ञान घेऊन ते निवृत्त झाले. त्यांच्या वयाच्या बऱ्याच माणसांकडे तेवढंही नसतं.

निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांच्या पत्नी पुष्पाबाई गेल्या. नवागामातल्या घरात भाईदास उरले, आणि उरल्या पुष्पाबाईंच्या साड्या. त्यातल्या बहुतेक मिलमधल्या सेकंडच्या. कुठे छपाई सरकलेली, कुठे काठावर डाग, म्हणून बाजारात न गेलेल्या. पुष्पाबाई डाग निऱ्यांत लपवून नेसायच्या. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या मिलची चूक त्यांनी कधी चारचौघांत दिसू दिली नाही.

वर्षश्राद्धाला मुलगी सुषमा पुण्याहून आली. तिथे ती एका कंपनीत इंजिनिअर आहे आणि एकटी राहते. लग्नाचा विषय काढला की तिला नेमका कुणाचा तरी फोन येतो. तिने पाहिलं, की नाना मागच्या चोकडीत, म्हणजे भांडी-कपडे धुवायच्या उघड्या फरशीवर, पाटाएवढ्या दगडावर बसून बनियन आपटतायत. पुण्याला परतण्याआधी तिने वॉशिंग मशीन आणवलं, घरात वायफाय घेतलं आणि वडिलांना समोर बसवून शिकवणी घेतली.

"नाना, हे इको. कायम ह्याच्यावरच लावायचं."

"हे साडेतीन तास दाखवतंय."

"हो."

"आणि हे कॉटन, साठ डिग्रीवालं? ते तर दोन तासात होतं."

"ते जास्त वीज खातं."

"कमी वेळ चालतं ते जास्त खातं? आमच्या शेठला हे सांगितलं असतंस, तर तुला गेटवरूनच परत पाठवलं असतं."

"नाना, कपडे फिरवायला वीज फारशी लागतच नाही. पाणी तापवायला लागते. इको पाणी जेमतेम कोमट करतं आणि कपडे निवांत भिजवत बसतं. ड्रायर तर लावूच नका. सुरतेच्या उन्हाला बिल येत नाही."

"बरं."

"आणि शेवटचं. ड्रम भरल्याशिवाय मशीन लावायचं नाही. दोन बनियनांसाठी अख्खा ड्रम फिरवणं म्हणजे एका माणसासाठी धुळ्याची एसटी सोडण्यासारखं आहे."

भाईदासांनी मान हलवली. एका माणसाचा ड्रम भरतो कधी, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. सुषमाच्या गाडीची वेळ झाली होती.

ड्रम भरायला बराच काळ लागला. सुरतेच्या घामात कपडे साठवून ठेवणं सोपं नव्हतं, पण सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे करायची त्यांना मिलपासूनची सवय. शेवटी एका सकाळी त्यांनी खटका इकोवर नेऊन बटण दाबलं. मशीन थोडं घुरघुरलं, थांबलं, विचारात पडल्यासारखं करून पुन्हा फिरू लागलं. मागच्या बाजूला कुणीतरी काम करतंय, बादली सरकवतंय, पाणी ओततंय, असा आवाज घरभर भरला. भाईदास खुर्ची उचलून चोकडीत जाऊन बसले. चहाही तिथेच घेतला. इकोत वीज वाचते हे त्यांनी सुषमाच्या शब्दावर मानलं होतं. इको सगळ्यात जास्त वेळ चालतं, हे मात्र त्यांना स्वतःलाच पटलं.

भिंतीपलीकडून प्रमिलाबाईंनी मान वर केली. त्या मूळच्या अमळनेरच्या, बोलणं अहिराणी, आणि शेजारधर्म त्यांच्या जिभेवर असे.

"काय हो भाऊ, मशीनले राखन बसनात का?"

"नवं शे ना. पाहावं लागतं."

"पुष्पाताई जवय धुये, तवय कधी नहीं बसनात."

पुष्पाबाई धुवायच्या तेव्हा ते खरंच कधी तिथे बसले नव्हते. प्रमिलाबाई भांडी घेऊन आत गेल्या. भाईदासांनी चहा संपवला. थोडा वेळ ते मशीनकडे न बघता बसले.

मशीन थांबल्याबरोबर फोन वाजला. सुषमाच्या मोबाइलवर आपोआप निरोप गेला होता. "नाना, धुणं झालं. काढून वाळत घाला, नाहीतर वास येईल." पहिल्या खेपेला ती बराच वेळ बोलली. दुसऱ्या खेपेला थोडंसं. पुढे फोन येईनासा झाला. तिचंही बरोबर होतं. पूर्वी दर रविवारी फोन करून जे विचारावं लागे, ते आता मशीनच कळवत होतं: कपडे धुतले, म्हणजे कपडे मळले, म्हणजे माणूस घराबाहेर जाऊन आला, म्हणजे ठीक आहे. बाप हयात असल्याचा दाखला तिला न मागता मिळत होता. दाखला मिळाल्यावर चौकशीची गरज कुठल्याच कचेरीत उरत नाही.

मग एकदा भाईदासांच्या हातून खटका चुकला. इकोऐवजी कॉटनवर गेला. पाणी पुरतं तापलंही नसेल, तोच फोन.

"नाना! साठ डिग्री? मला लाल रंगात सूचना आली इथे."

"हो का? चुकलं वाटतं."

"चष्मा कुठे तुमचा? आणि आवाज असा का येतोय? जेवण काय केलंत? गुडघा दुखतोय का अजून?"

ती वीस-एक प्रश्न विचारत राहिली आणि भाईदास सावकाश, एकेक, सविस्तर उत्तरं देत गेले. फोन ठेवल्यावर त्यांनी मशीनच्या खटक्याकडे नव्या आदराने पाहिलं.

पुढच्या खेपेला त्यांना चष्मा सापडला नाही. त्याच्या पुढच्या खेपेला लाइट जाऊन आल्यामुळे खटका आपोआप सरकला, असं त्यांनी सांगितलं. खटका असा सरकत नाही हे सुषमाला इंजिनिअर असून लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. अडचण एकच होती. अर्धवट ड्रम साठ डिग्रीवर लावणं भाईदासांना जमेना. खोटं बोलणं वेगळं आणि यंत्र रिकामं फिरवणं वेगळं. त्यामुळे फोन हवा असेल तर आधी ड्रम भरायला हवा होता, आणि भाईदास कितीही मळले तरी ड्रम भरण्याइतके मळत नव्हते. त्यांनी चादरी धुतल्या. पडदे धुतले. धुतलेले पडदे पुन्हा धुतले.

असा श्रावण आला. श्रावणात खानदेशी घरात कानबाई देवी बसते आणि तिच्या आधी घरातलं चिंधूक न चिंधूक धुऊन निघावं लागतं. भाईदासांच्या घरी गेल्या साली कानबाई बसली नव्हती, यंदाही बसायची नव्हती. पण धुण्याला कुणाची हरकत असण्याचं कारण नाही, असं म्हणून त्यांनी पुष्पाबाईंचं कपाट उघडलं. साड्या घडीवर घडी ठेवलेल्या होत्या. त्यांत मळलेली एकही नव्हती. भाईदासांनी त्या एकेक करून ड्रममध्ये घातल्या. सगळ्यात खालचं मरून रंगाचं सुती नऊवारी लुगडं पुष्पाबाईंच्या माहेरचं. तेही घातलं. वर आपले बनियन, पायजमे, उशांचे अभ्रे. ड्रम पहिल्यांदाच असा भरला की दार दाबून लावावं लागलं.

खटका त्यांनी चष्मा लावून, नीट बघून साठवर नेला. रंगाची काळजी त्यांना नव्हती. तापलं की रंग पक्का होतो.

काचेतलं पाणी हळूहळू लाल होत गेलं. भाईदास खुर्चीत बसून ते बघत राहिले. जेटच्या काचेतूनही असंच दिसायचं. फक्त तिथे पाणी शेवटाला स्वच्छ होत जायचं, इथे उलटं चाललं होतं. काहीतरी चुकतंय हे कळेपर्यंत फोन वाजला.

"नाना, परत साठ डिग्री! ड्रम तरी भरला होता का?"

"भरला होता."

"एका माणसाचे एवढे कपडे आले कुठून?"

"कानबाई आली ना जवळ."

"मग?"

"तुझ्या आईच्या साड्या होत्या."

मग सुषमाने विचारलं, "कोणत्या?"

"सगळ्या. ती पोपटी. ती निळी, जिच्यावर फुलं एकमेकांवर छापली गेली होती. लुगडं."

"लुगडं? मरून? नाना, ते आई वेगळं धुवायची. गार पाण्यात, मूठभर मीठ टाकून."

"मला कुठे ठाऊक."

"डाइंगमध्ये होता ना तुम्ही?"

"आमच्याकडे पॉलिस्टर होतं."

सुषमा हसली की काय, ते कळलं नाही. मग म्हणाली, "पण साठवर कशाला लावलंत? किती वेळा सांगितलंय मी?"

भाईदासांनी चष्म्याचा विचार केला, लाइटचा केला. दोन्ही वापरून झाले होते.

"साठवर लावलं की तू फोन करतेस," ते म्हणाले.

"मला मीटिंग आहे, नाना," सुषमा म्हणाली. "नंतर करते." आणि फोन ठेवला.

बाहेर पाऊस, त्यामुळे कपडे घरातच वाळत घालावे लागले. या खोलीतून त्या खोलीत दोऱ्या बांधून भाईदासांनी साड्या पसरल्या. पॉलिस्टरवर लाल थेंब बसला नव्हता. मिलने आपलं नाव राखलं होतं. बनियन, पायजमे आणि अभ्रे मात्र गुलाबी, आणि लुगडं उतरून विटेच्या रंगाचं. दोन दिवस ते घरात साड्या बाजूला सारत हिंडले. स्वयंपाकघरात जायला पोपटी, मोरीकडे जायला निळी. गुलाबी बनियन घालून ते दूध आणायला गेले तेव्हा प्रमिलाबाईंनी पाहिलं आणि काहीच म्हणाल्या नाहीत. एवढी काळजी त्यांनी आधी कधी केली नव्हती.

नंतर करते म्हणालेला फोन आला नाही. भाईदासांनी साड्यांच्या घड्या घालून कपाटात ठेवल्या. मशीनवर एक जुनी चादर टाकली. मळलेले कपडे बादलीत साठू लागले, तरी त्यांनी चादर काढली नाही. आता इकोवर लावलं तर ती रागावली का ते कळणार नव्हतं, आणि साठवर लावायला तोंड उरलं नव्हतं.

रविवारी दुपारी फोन वाजला.

"मी मशीन लावलेलं नाही," भाईदास आधीच म्हणाले.

"माहीत आहे."

"मग?"

"असाच केला."

धुण्याखेरीज दुसरा विषय त्यांच्यात बरेच महिने नव्हता. शेवटी भाईदासांनीच विचारलं, "तू कितीवर लावतेस?"

"वीसवर. गारच."

"आणि ड्रम? तुझा भरतो?"

"नाही भरत, नाना. मी अर्ध्या लोडचं बटण दाबते."

"असं बटण असतं?"

"तुमच्या मशीनलाही आहे. इकोच्या खाली."

"मग तेव्हा सांगितलं नाहीस ते?"

"सांगणार होते," ती म्हणाली. "तेव्हा आईला जाऊन वर्षच झालं होतं. अर्धं बटण दाबा, असं कसं सांगायचं?"

भाईदास उठले. फोन कानाशी धरूनच चोकडीत गेले, मशीनवरची चादर काढली आणि वाकून बघितलं. होतं. बारीक अक्षरात होतं.

"याला वीजही मग अर्धीच लागत असेल," ते म्हणाले.

"नाही, नाना," सुषमा म्हणाली. "अर्धी नाही लागत. थोडीशी कमी लागते, एवढंच."